फिरत्या घराची विजेची शिदोरी
(नभोवाणीवरील भाषण)

श्रोतेहो, आपल्यांपैकीं पुष्कळांचीं मुलें आज अमेरिकेंत आहेत. आणि तेथें गेल्यावर त्यांच्याबरोबर रानांत मुक्काम करण्याचा योग एकदां तरी येतोच. दोन-तीन माणसांपुरती लहानशी गाडी, जिला ट्रेलर म्हणतात, ती मोटारीमागें जोडावयाची, झाडांखालीं उभी करावयाची आणि दोन दिवस तिच्यांतच राहावयाचें, असा हा प्रकार. ज्या तळावर विजेची जोडणी मिळते तेथें प्रश्नच नाहीं. परंतु रम्य स्थळें बहुधा या सोयीवांचून असतात, आणि तेथें विजेची शिदोरी आपली आपणच न्यावी लागते. ती किती व कोणती न्यावी, याचा आज विचार करूं.

मला हा विषय एका रात्रीनें शिकविला. ऑक्टोबर महिना, कॅलिफोर्नियांतील सिएरा नेवाडा पर्वताचा उतार. बरोबर माझे थोरले बंधू व त्यांचा मुलगा. बंधूंना झोपेंत श्वास अडकण्याचा विकार आहे. मुखवट्यावाटे हवेचा सौम्य दाब देणारें यंत्र लावून ते निजतात. पहिली रात्र सुखानें गेली. दुसऱ्या रात्रीं मध्यरात्रीनंतर यंत्राची घरघर थांबली, गाडी गार पडूं लागली आणि दिवाही लागेना. उरलेली रात्र दादा उशीला टेकून बसून राहिले आणि आम्ही दोघे त्यांच्याशीं बोलत जागलों. पुतण्या पुन्हापुन्हा म्हणे, "काका, ८० अँपिअर-तासांची बॅटरी आहे, पुरेल असें मला सांगितलें होतें हो!" सांगणाऱ्यानें आंकडा सांगितला होता, हिशेब कोणींच केला नव्हता.

तो हिशेब आतां करूं. बॅटरी म्हणजे पाण्याचा हौद समजा. अँपिअर म्हणजे तोटींतून वाहणारी धार. ती किती तास वाहिली तें मोजलें कीं अँपिअर-तास होतात. आमच्या गाडींतील शीतकपाट दिवसाकांठीं ३० अँपिअर-तास घेई. गाडी उबदार ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीचा पंखा ३ अँपिअर घेतो. रात्रींतून चार तास चालला तर १२. दादांचें यंत्र २ अँपिअरप्रमाणें आठ तासांचे १६. दिव्यांचे २, पाण्याचा पंप व दूरध्वनि यांचे मिळून ५. एकूण ६५. दोन दिवसांचे १३०. अडीअडचणीसाठीं पांचवा हिस्सा अधिक धरला तर सुमारें १५६. एवढी गरज, आणि जवळ होते ८०! बॅटरीनें दगा दिला असें आम्ही म्हणत होतों. पण दगा तिचा नव्हता, आमच्या गणिताचा होता.

शिवाय तें ८० सुद्धां खरें नव्हतें. ती बॅटरी मोटार सुरू करण्याच्या जातीची होती. अशा बॅटरींत पातळ पत्रे पुष्कळ असतात. क्षणभर मोठा प्रवाह देणें हें तिचें काम. तासन्‌तास झिरपत राहावयाचें तर जाड पत्र्यांची निराळी बॅटरी लागते. तीही शिशाची असेल तर निम्म्याहून अधिक रिकामी करूं नये. वरचेवर केल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. आपल्याकडे घरोघरीं इन्व्हर्टरला जोडलेली असते ती बहुधा याच कुळांतली. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तिचा शोध लावला. ती स्वस्त व परिचित आहे, परंतु जड आहे. १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी ३० किलोच्या आसपास भरते आणि कामाला येतात त्यांतले ५०.

दुसरें कूळ लिथियम, लोखंड व फॉस्फेट यांचें. या द्रव्याचा उपयोग जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ सालीं टेक्सास विद्यापीठांतून प्रसिद्ध केला. लिथियम बॅटरीवरील कार्याबद्दल गुडइनफ यांना पुढें २०१९ सालीं नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. तेवढ्याच क्षमतेची ही बॅटरी १२ किलोच्या आसपास असते, जवळजवळ सबंध वापरतां येते, आणि शिशाची जेथें कांहीं शें वेळां भरून रिकामी होते तेथें ही दोन-तीन हजार वेळां होते. आरंभींची किंमत मात्र अधिक.

मग लिथियमच घ्यावें काय? थांबा, तिचीं दोन पथ्यें आहेत. तपमान शून्य अंशाखालीं गेलें असतां ती भरूं नये. भरल्यास आंत धातुरूप लिथियम सांचून ती कायमची बिघडते. म्हणून ती गाडीच्या आंत, उबेंत ठेवावी, आणि थंडींत भरणें आपोआप बंद करणारी रक्षक यंत्रणा तींत आहे कीं नाहीं तें पाहून घ्यावें. दुसरें असें कीं, शिशाच्या बॅटरीचा दाब भरलेली असतां १२·६ व्होल्ट, तर निम्मी झाली असतां १२·१ च्या आसपास असतो; त्यावरून शिल्लक ताडतां येते. लिथियमचा दाब जवळजवळ शेवटपर्यंत सारखाच राहतो. तेव्हां गेलेला व आलेला प्रवाह मोजणारा मापक बसवावाच.

आतां भरण्याविषयीं. मोटार चालत असतां मागची बॅटरी भरते खरी, पण लांब व बारीक तारेंतून दाब वाटेंतच गळतो. त्यासाठीं दाब वाढवून देणारें यंत्र मध्यें घालावें. १०० वॅटचा सूर्यपट मोकळ्या उन्हांत दिवसाला २५ अँपिअर-तास देईल. झाडांच्या सावलींत मात्र त्याची आशा धरूं नये, आणि आपण तर सावलीसाठींच तेथें जातों! शिशाची ओली बॅटरी भरतांना हायड्रोजन वायु सोडते. तो स्फोटक असल्यामुळें तिचें स्थान गाडीच्या बाहेर, किंवा बाहेर वाट असलेल्या बंद पेटींत. आणि बॅटरी कोणतीही असो, तिच्या धन टोंकालगत योग्य मापाचा फ्यूज पाहिजेच; नाहींतर तारांचा चुकून स्पर्श होतांच शेंकडों अँपिअर वाहून तारा पेट घेतील.

आमच्यापुढें शेवटीं दोन मार्ग उरले. गॉल्फच्या गाड्यांत वापरतात त्या ६ व्होल्टच्या दोन शिशाच्या बॅटऱ्या एकीमागें एक जोडल्या म्हणजे दाब १२ व्होल्ट होतो व क्षमता सुमारें २२० राहते. वापरावयाचे ११०, आणि उणीव सूर्यपटानें भरावयाची. पैशांच्या दृष्टीनें हा मार्ग उत्तम; पण ५५ किलोंहून अधिक भार लहान गाडीच्या दांडीवर आला असता. दुसरा मार्ग १०० च्या दोन लिथियम बॅटऱ्या शेजारीशेजारी जोडण्याचा. भार २५ किलोंच्या आंतबाहेर. आम्हीं दुसरा पत्करला. ज्यांची गाडी दणकट व प्रवास वर्षांतून एकदोनदांच, त्यांनीं पहिला घेतल्यास मीं त्यांना चुकलां असें म्हणणार नाहीं.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची खरेदी एका छोट्या बॅटरीची झाली. ती केवळ दादांच्या यंत्रासाठीं राखीव आहे. शीतकपाट व श्वास यांनीं एकाच हौदांतून पाणी प्यावें ही मूळचीच चूक होती. यंत्राच्या कर्त्यानें दिलेली १२ व्होल्टची तारच तिला जोडतों. मध्यें इन्व्हर्टर घातला तर तो स्वतःच कांहीं वीज खातो.

पुढच्या वर्षीं आम्ही त्याच जागीं गेलों. रात्रीं दोनदां मला उगाच जाग आली. मीं कान देऊन ऐकलें. यंत्राची घरघर चालू होती. ती ऐकत पुन्हां झोपलों. श्रोतेहो, आपणांवर असा प्रवास करण्याचा प्रसंग आला तर दुकानांत जाण्यापूर्वीं कागद-पेन्सिल घेऊन बसा; आणि जमाखर्चाची पहिली ओळ, जिच्यावांचून कोणाचें अडेल, त्या वस्तूची लिहा.