खाज किड्याची की आपली?

१९४१ साली इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने काही धडधाकट माणसांना मुद्दाम खरूज लावायचं ठरवलं. तत्त्वासाठी युद्धावर जायला नकार दिलेले हे स्वयंसेवक. खरजेने बेजार सैनिकांच्या न धुतलेल्या चड्ड्या त्यांनी घातल्या, त्यांच्या पांघरुणांत उघड्या अंगाने झोपले. फारसं कुणाला काही झालं नाही! अंगाला अंग लागल्याशिवाय खरूज सहसा पसरत नाही, हे तिथे कळलं.

खरी गंमत पुढे आहे. ज्यांना लागण झाली, त्यांनाही जवळपास महिनाभर खाज सुटली नाही.

खरूज होते ती एका किड्यामुळे. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची, कोळ्याच्या गोत्यातली त्याची आठपायी मादी कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात बोगदा खणते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. मग आपली रोगप्रतिकारशक्ती करते काय? पहिल्या फळीत असतात रक्तातली ‘कॉम्प्लिमेंट’ प्रथिनं. त्यांचं काम रोखणारी प्रथिनं हा किडा स्वतःच सोडतो. म्हणजे पहारेकऱ्यालाच गुंगीचं औषध. किड्याची लाळ, विष्ठा, अंड्यांची टरफलं ओळखायला पुढच्या फळीतल्या टी-पेशींना चार ते सहा आठवडे लागतात. ओळख पटली की दाह, पुरळ आणि रात्रीची झोप उडवणारी खाज. ती किडा चावल्याची नसते, ॲलर्जीची असते.

मेलनबीने बऱ्या झालेल्यांना पुन्हा लागण करून पाहिली. या वेळी खाज एका दिवसात सुटली आणि किडेही कमी आढळले. खाजवताना नखांनी ते उकरून निघतात, हे त्याचं एक कारण. नेहमीच्या रुग्णाच्या अंगावर सरासरी दहा-पंधराच किडे असतात. एचआयव्ही किंवा स्टिरॉइडमुळे प्रतिकारशक्ती खचलेल्यांमध्ये मात्र खपल्यांची खरूज होते. तिथे किडे लाखांच्या घरात जातात, आणि पुष्कळदा खाज मात्र बेताचीच!

पहिल्या लागणीत खाज उशिरा सुटते, म्हणूनच घरात एकाला खरूज झाली, तर न खाजवणाऱ्यांनीही डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याच दिवशी औषध घ्यावं. मेलेले किडे कातडीतून झडेपर्यंत दोन-तीन आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यासाठी मनानेच मलम पुन्हा पुन्हा चोळत बसू नका.