खाऱ्या पाण्यातला शेजार

आमच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत सर्वांत आधी आला तो डॉमिनो डॅमसेल. मखमली काळा, अंगावर तीन पांढरे ठिपके, आकाराने अंगठ्याच्या नखाएवढा. मासा स्वस्त आणि चिवट, त्यामुळे सुरुवात याच्यापासूनच करा, असा दुकानातला सल्ला होता. तीन आठवड्यांनी फायरफिश आणला. पुढून पांढरा, शेपटीकडे लालभडक होत जाणारा, पाठीवर उंच तुरा असलेला. तोवर टाकीतल्या दगडन्‌दगडावर डॅमसेलचा हक्क बसला होता. फायरफिश कोपऱ्यात गेला की हा तिथे हजर, खडकामागे लपला की तिथेही हजर. चौथ्या दिवशी सकाळी फायरफिश फरशीवर सापडला, सुकून कडक झालेला. टाकीला झाकण नव्हते.

समुद्रात हरलेल्या माशाला पळायला वाट असते. काचेच्या पेटीत ती नसते. छोट्या टाकीसाठी मासे निवडायचे म्हणजे ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवायची.

आधी पाण्याचा हिशेब

अडीच फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तेवढीच उंच टाकी म्हणजे साधारण 110 लिटर. खडक आणि वाळू घातल्यावर पाणी उरते 90 लिटरच्या आसपास. गोड्या पाण्यात एवढ्या जागेत गप्पींचा थवा सुखाने राहतो. खाऱ्या पाण्यात मात्र प्राणवायू कमी विरघळतो, आणि पाणी तापले की आणखी कमी. मुंबईच्या मे महिन्यात टाकीचे पाणी सहज 30 अंशांवर जाते. या माशांना हवे असते 25-26. पंखा किंवा चिलर लागतो तो यासाठी. वाफ होऊन पाणी उडते, मीठ मात्र टाकीतच राहते. म्हणून रोजची घट साध्या आरओ पाण्याने भरायची आणि विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास राखायचे.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. वाळूत आणि खडकात वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. त्या काळात टाकीत मासा सोडून त्याला त्रास देण्याची काही गरज नाही; चिमूटभर माशांचे खाद्य घातले तरी काम सुरू होते. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मगच पहिला मासा. आणि एकूण मासे चार, फार तर पाच.

कोणाची जागा कुठे

मासा घेताना तीन प्रश्न विचारावेत. पूर्ण वाढल्यावर हा केवढा होईल? याच्या तोंडात काय मावेल? आणि टाकीचा कोणता भाग हा आपला मानेल? सर्वाधिक भांडणे होतात ती सारख्या आकाराच्या, सारख्याच जागेवर डोळा असलेल्या माशांत.

वाळूवरची जागा पिवळ्या वॉचमन गोबीची. त्याच्यासोबत पिस्टल श्रिंप म्हणजे चिमटा वाजवणारी कोळंबी ठेवली, तर टाकीतले सर्वांत सुंदर शेजारपण पाहायला मिळते. कोळंबीला जवळजवळ दिसत नाही. ती दिवसभर बीळ उपसते आणि चिमट्यांनी वाळू बाहेर ढकलते. बाहेर आली की तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबी तोंडाशी बसून पहारा देतो. धोका दिसला की शेपटी झटकतो, आणि क्षणात दोघेही आत. बीळ खणणारे घरात असल्यामुळे जड खडक वाळूवर न रचता टाकीच्या तळावर आधी बसवावेत आणि वाळू नंतर घालावी.

मधल्या पाण्यात फायरफिश. एकच ठेवावा; जुळलेली जोडी नसेल तर दोघांत एक मरतो. झाकण जाळीचे असावे.

खडकाच्या कपारीत रॉयल ग्रामा. हा कॅरिबियन समुद्रातला, अर्धा जांभळा आणि अर्धा पिवळा. कपारीच्या छताखाली उलटा तरंगताना दिसला तर घाबरू नये, ती त्याची रीतच आहे. दुकानात याच रंगांचा बायकलर डॉटीबॅक स्वस्तात मिळतो. तो मात्र लहान टाकीत इतरांना जगू देत नाही. ओळख सोपी आहे. ग्रामाचा जांभळा रंग हळूहळू पिवळ्यात मिसळतो आणि वरच्या परावर काळा ठिपका असतो. डॉटीबॅकचे दोन रंग रेघ मारल्यासारखे तुटतात.

उरली ओसेलारिस क्लाऊनफिशची जोडी, मुलांचा लाडका निमो. अंदमानच्या समुद्रातही हा आढळतो. हे सगळे मासे आधी नर असतात. गटातला सर्वांत मोठा मादी होतो, त्याच्या खालचा नर म्हणून राहतो. मादी मेली तर हा नरच मादी बनतो. म्हणून एक मोठा आणि एक स्पष्टपणे लहान असा जोड घ्यावा. दोन वाढलेल्या माद्या एकत्र आल्या तर झुंज जिवावर बेतते. समुद्रफूल म्हणजे अ‍ॅनिमोन यांना टाकीत लागतेच असे नाही. त्याला तीव्र प्रकाश आणि मुरलेली टाकी लागते.

आधी कोण, नंतर कोण

जो आधी येतो तो मालक होतो. म्हणून भित्र्यांना आधी आणावे: गोबी, मग फायरफिश, मग ग्रामा, शेवटी क्लाऊनफिश. दोन आगमनांत दोन-तीन आठवडे जाऊ द्यावेत. नवा मासा सोडताना दिवे मंद करावेत आणि दोन-चार खडकांची जागा बदलावी, म्हणजे जुन्यांच्या हद्दी पुसल्या जातात.

प्रत्येक मासा आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी माशाचे अंग सोडून वाळूत कोष करतो. ठिपके गेले म्हणून आपण निश्चिंत होतो, आणि कोष फुटून नवी पिढी पुन्हा माशावर येते.

काही मासे कितीही आवडले तरी दुकानातच ठेवावेत. ‘डोरी’ म्हणजे ब्लू टँग फूटभर वाढतो. मँडरिन मुख्यतः बारीक जिवंत कीटकसदृश प्राण्यांवर जगतो आणि लहान टाकीत उपासमारीने खंगतो. लायनफिश तोंडात मावेल त्याला गिळतो. समुद्रघोडा आणि प्रवाळ यांना तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे; त्यामुळे टाकीतला खडकही प्रवाळाचा न घेता कृत्रिमच घ्यावा.

टाकीत येणारे बहुतेक सागरी मासे आजही थेट समुद्रातून पकडलेले असतात. क्लाऊनफिश मात्र हॅचरीत वाढतो. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपमला त्याची पैदास केली, आणि ऐरोलीतही मँग्रोव्ह फाउंडेशनची शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. म्हणून दुकानात दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: हा मासा हॅचरीचा का, आणि तो खाताना दाखवाल का?

आज आमच्या टाकीत पाच मासे आहेत. एवढी जागा असून पाचच, असे पाहुणे म्हणतात. संध्याकाळी दिवा मंद केला की कोळंबी बिळाचे तोंड बुजवते, क्लाऊनफिश कोपऱ्यात एकमेकांना टेकतात, आणि फायरफिश सावकाश आपल्या फटीत शिरतो. त्याच्या मागे कोणी येत नाही.