पुन्हा पुन्हा पहिल्यापासून : बिनतारी यंत्रे अचानक रिसेट का होतात?

शाळेच्या गच्चीवर तापमान आणि आर्द्रता मोजणारे एक छोटे यंत्र बसवले आहे, अशी कल्पना करा. दर दहा मिनिटांनी ते आपले आकडे वायफायवरून शाळेच्या संगणकाकडे पाठवते. प्रयोगशाळेच्या टेबलावर ते दिवसभर बिनचूक चालले. गच्चीवर मात्र ते मध्येच थांबते आणि लगेच पहिल्यापासून सुरू होते. तेवढ्या वेळच्या नोंदी कोऱ्या राहतात. असे आपोआप नव्याने सुरू होणे म्हणजे रिसेट.

'चिपच खराब असेल' असे म्हणून आपण ती बदलू पाहतो. पण रिसेट हा आजार नव्हे, ते तापासारखे एक लक्षण आहे. ताप एकच असला तरी त्यामागचे आजार वेगवेगळे असू शकतात. येथे दोन प्रमुख कारणे पाहू.

पहिले कारण विजेचे. अशा यंत्रांत वापरली जाणारी ईएसपी३२ ही चिप गाढ झोपेत असताना सुमारे १० मायक्रोॲम्पिअर विद्युतधारा घेते. वायफायचा संदेश पाठवण्याच्या क्षणी मात्र तीच धारा सुमारे २४० मिलिॲम्पिअरपर्यंत, म्हणजे चोवीस हजार पट वाढू शकते. आता ओहमचा नियम आठवा. पुरवठा ३.३ व्होल्टचा आहे आणि लांब, बारीक तारा व सैल जोडण्या मिळून वाटेतला रोध ४ ओहम आहे, असे समजा. तर ०.२४ × ४ = ०.९६ व्होल्ट वाटेतच खर्च होतील आणि चिपला जेमतेम २.३४ व्होल्ट मिळतील. विभवांतर ठरावीक पातळीखाली गेले की चिप चुकीची आकडेमोड करण्याऐवजी स्वतःच रिसेट होते. ही घसरण क्षणभराचीच असल्याने साधा मल्टिमीटर ती दाखवत नाही! आखूड, जाड तारा आणि चिपजवळ जोडलेला पुरेसा मोठा कपॅसिटर हा यावर उपाय. तो कपॅसिटर घरातल्या पाण्याच्या टाकीसारखा क्षणिक गरज भागवतो.

दुसरे कारण प्रोग्रॅममधले. बहुतेक चिपमध्ये 'वॉचडॉग' नावाचे एक पहारेकरी घड्याळ असते. प्रोग्रॅमने ठरावीक वेळाने त्याला 'मी जागा आहे' अशी हाळी द्यायची. हाळी आली नाही, तर प्रोग्रॅम कुठेतरी अडकला असे मानून घड्याळ यंत्र रिसेट करते. ईएसपी८२६६ या चिपमध्ये एकच प्रोसेसर वायफायही सांभाळतो आणि आपला प्रोग्रॅमही. आपण संवेदकाच्या उत्तराची वाट पाहत एखादे लूप काही सेकंद फिरवत ठेवले आणि वायफायला वेळच दिला नाही, तर पहारेकरी हस्तक्षेप करणारच.

अशा रिसेटचे गाजलेले उदाहरण मंगळावरचे आहे. ४ जुलै १९९७ रोजी 'पाथफाइंडर' यान तेथे उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून रिसेट होऊ लागला. गोळा केलेली माहिती वाचे, पण त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर जात. सुमारे १९ कोटी किलोमीटरवरच्या यंत्राला हात कोण लावणार? तेव्हा अभियंत्यांनी पृथ्वीवरच्या हुबेहूब प्रतिकृतीवर तोच दोष पुन्हा घडवून आणला आणि प्रत्येक घटनेची नोंद तपासली. हवामानाची नोंद घेणारे कमी महत्त्वाचे काम सामाईक माहितीला कुलूप लावून बसे. त्याच माहितीसाठी अतिमहत्त्वाचे काम खोळंबे. तेवढ्यात मध्यम महत्त्वाची कामे प्रोसेसर बळकावत, त्यामुळे कुलूप उघडायला पहिल्या कामाला संधीच मिळत नसे. महत्त्वाचे काम वेळेत पुरे झाले नाही, की संगणक रिसेट होई. कुलूप ज्याच्याकडे असेल त्याला तेवढ्यापुरते वरचे महत्त्व देण्याची सोय प्रणालीत होती, पण बंद ठेवलेली होती. ती पृथ्वीवरून संदेश पाठवून चालू केली आणि रिसेट थांबले. विशेष म्हणजे यान उतरण्यापूर्वीही हा दोष दिसला होता. फक्त तो मुद्दाम पुन्हा घडवता आला नव्हता.

मग आपल्या गच्चीवरच्या यंत्राचे काय करावे? प्रथम त्यालाच विचारावे. ईएसपी३२ व ईएसपी८२६६ या चिप मागच्या रिसेटचे कारण नोंदवून ठेवतात. सुरू होताच ते कारण आणि वेळ संगणकाकडे पाठवावी, असे प्रोग्रॅमच्या आरंभीच लिहावे. कारण 'कमी व्होल्टेज' असेल तर तारा तपासाव्यात, 'वॉचडॉग' असेल तर प्रोग्रॅम. दर वेळी साधारण सारख्याच कालावधीनंतर रिसेट होत असेल, तर स्मृती हळूहळू भरत जाते आहे का, हे पाहावे. नंतर एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वायफाय बंद ठेवून एक दिवस, मग तेच वायफाय चालू ठेवून पण चांगल्या पुरवठ्यावर एक दिवस. तारा, पुरवठा आणि प्रोग्रॅम एकदम बदलले, तर रिसेट थांबेलही, पण कशामुळे थांबला हे कधीच कळणार नाही.

कमी व्होल्टेजची सूचना किंवा वॉचडॉग बंद करून टाकण्याचा सल्लाही काही जण देतात. पण थर्मामीटर फोडल्याने ताप उतरत नाही. पहारेकरी गेला तर यंत्र रिसेट होणार नाही, कदाचित कायमचे अडकून राहील आणि गच्चीवर कोणी जाईपर्यंत ते कळणारही नाही.

नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे आपण वर्गात झाडे आणि सूर्यप्रकाश यांच्या उदाहरणाने शिकवतो. वारंवार रिसेट होणारे एखादे यंत्र विद्यार्थ्यांच्या हाती देऊन तोच धडा अधिक जिवंतपणे शिकवता येईल.