विश्लेषण : पदवी एकाच विद्यापीठाची, मग नर्सिंगचे महाविद्यालय कसे पारखावे?

बारावीचा निकाल आणि सीईटीचे गुण हाती आले, की मौदा तालुक्यातील अनेक घरांत बी.एस्सी. नर्सिंगचा विषय निघतो. चार वर्षांचा अभ्यासक्रम, नोकरीची आशा आणि जाहिरातींतील ‘विद्यापीठ संलग्न’, ‘शंभर टक्के नोकरी’ असे शब्द. मात्र, दोन महाविद्यालये एकाच विद्यापीठाची पदवी देत असली, तरी तिथे मिळणारे शिक्षण सारखेच असेल असे नाही. हा फरक प्रवेशाआधी कसा ओळखावा?

पदवी नेमकी कोणाची?

राज्यातील बहुतांश नर्सिंग महाविद्यालये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ परीक्षा घेते आणि पदवी देते. सावंगी (मेघे) येथील दत्ता मेघे संस्थेसारखी अभिमत विद्यापीठे स्वतःची पदवी देतात. तीन वर्षांचा जीएनएम हा मात्र पदविका अभ्यासक्रम असून तो आरोग्य विद्यापीठाकडे नाही, राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आहे. एकाच इमारतीत एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. असे तिन्ही वर्ग भरत असतील, तर प्रत्येकाची परवानगी वेगळी असते. एकाची मान्यता दाखवून दुसऱ्याचा प्रवेश घेतला जात नाही ना, हे आधी पाहावे.

‘मान्यता आहे’ म्हणजे काय?

राज्य सरकारची परवानगी, विद्यापीठाची संलग्नता, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आणि भारतीय परिचर्या परिषदेच्या यादीतील नाव, या चारही बाबी तपासाव्यात. त्यातही दोन प्रश्न महत्त्वाचे: मान्यता याच शैक्षणिक वर्षाची आहे का आणि ती किती जागांसाठी आहे? पदवी मिळाल्यानंतर राज्य परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. त्यामुळे मान्यतेतील त्रुटीचा फटका अनेकदा चार वर्षांनी, नोंदणीच्या वेळी बसतो. परराज्यात प्रवेश घेणाऱ्यांनी तेथील परिषदेची मान्यताही पाहावी.

रुग्णालयाला इतके महत्त्व का?

इंजेक्शन देणे, जखमेची मलमपट्टी, प्रसूतीवेळची मदत हे पुस्तकातून शिकता येत नाही. म्हणूनच भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार बी.एस्सी.साठी संस्थेचे किमान १०० खाटांचे रुग्णालय अपेक्षित आहे. एका विद्यार्थ्यामागे तीन रुग्ण असे प्रमाण आहे. म्हणजे एका वेळी २० विद्यार्थिनी वॉर्डात असतील, तर ६० रुग्ण हवेत. खाटा कागदावर १०० आणि प्रत्यक्षात निम्म्या रिकाम्या असतील, तर शिकणार कोणावर? दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हाही निकष आहे. २०२१ पासून लागू झालेल्या आठ सत्रांच्या अभ्यासक्रमात वर्गातील उपस्थिती ८० टक्के चालते. पदवीसाठी प्रात्यक्षिकातील उपस्थिती मात्र १०० टक्के लागते.

मौद्याच्या विद्यार्थ्यांपुढील प्रश्न कोणता?

अंतराचा. कन्हानकाठचे मौदा भंडारा मार्गावर, नागपूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. ग्रामीण रुग्णालयात साधारण ३० खाटा असतात. गावपातळीवरील आरोग्यसेवा, लसीकरण, माता-बाल तपासणी शिकण्यासाठी अशी ठिकाणे उत्तम. पण अतिदक्षता विभाग, मोठ्या शस्त्रक्रिया, बालरोग यांचा पुरेसा सराव मोठ्या रुग्णालयातच होतो. त्यासाठी नागपुरात मेडिकल, मेयो, डागा यांसारखी रुग्णालये आहेत. मानसिक आरोग्याच्या सरावासाठी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. प्रश्न आहे तो संबंधित महाविद्यालयाचा यांपैकी कोणाशी लेखी करार आहे, हा.

संलग्न रुग्णालय साधारण १५ ते ३० किलोमीटरच्या आत असावे, असा निकष आहे. महाविद्यालय शहराच्या एका टोकाला आणि सरावाचे रुग्णालय दुसऱ्या टोकाला असेल, तर रोजचे दोन-तीन तास बसमध्येच जातात. रात्रपाळीही असतेच. त्यामुळे घरून ये-जा करण्याचा विचार असेल, तर महाविद्यालयाइतकेच रुग्णालयाचे अंतर मोजावे आणि वसतिगृह, महाविद्यालयाची बस यांची खात्री करून घ्यावी.

शुल्काचे गणित कसे?

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. महाविद्यालयनिहाय आकडे संकेतस्थळावर मिळतात. सांगितलेली रक्कम त्याच्याशी ताडून पाहावी. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत आहे. पण ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास. घाईत व्यवस्थापन कोट्यातील जागा घेतली, तर या सवलतीवर पाणी सोडावे लागते. वसतिगृह, गणवेश, प्रवास यांचा खर्च वेगळा.

मानांकनावर विसंबावे का?

पूर्णपणे नाही. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत वैद्यकीय, दंत, औषधनिर्माण असे गट आहेत. नर्सिंगचा स्वतंत्र गट नाही. ‘नॅक’ची श्रेणी विद्यापीठाची आहे की महाविद्यालयाची, हेही जाहिरातीत स्पष्ट नसते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्यात संस्थांचे मूल्यांकन आणि मानांकन करणाऱ्या स्वतंत्र मंडळाची तरतूद आहे.

नोकरीच्या वेळी काय उपयोगी पडते?

पदवी, नोंदणी आणि हाताला असलेली सवय. ‘एम्स’च्या नर्सिंग ऑफिसर परीक्षेला बी.एस्सी. उत्तीर्ण व नोंदणीकृत उमेदवार थेट बसू शकतात; जीएनएम झालेल्यांना किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव लागतो. परीक्षा पार पडली तरी पुढे वॉर्ड सांभाळायचा असतो. म्हणून प्रवेशाआधी महाविद्यालयाला भेट देताना कार्यालयात माहितीपुस्तिका घेऊन परतू नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना गाठून विचारावे: गेल्या महिन्यात कोणत्या वॉर्डात होता, सोबत शिक्षिका होत्या का, किती प्रसूती प्रत्यक्ष पाहिल्या? उत्तर देताना त्या अडखळल्या, तर पालकांनी शुल्क भरण्याआधी आणखी एक महाविद्यालय पाहिलेले बरे.