मावळ्याचे पागोटे लालभडक का होत नाही?

दिवाळी जवळ आली की अंगणात, गच्चीवर, सोसायटीच्या कोपऱ्यात किल्ले उभे राहू लागतात. दगड, विटा, पोती आणि चिखल यांचा डोंगर, त्यावर पेरलेले हळीव नि मोहरी, बुरुजावर भगवा झेंडा! मग किल्ल्यावर येतात चित्रे : सिंहासनावरचे शिवाजी महाराज, तोफेजवळचा गोलंदाज आणि भाला घेतलेले बोटभर उंचीचे मावळे. बाजारात रंगवलेली चित्रे मिळतात. पण शाडूची चित्रे स्वतः करून स्वतः रंगविण्यातली मौज काही निराळीच.

ही चित्रे रंगविताना एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली असेल. पांढरा, काळा, तपकिरी हे रंग एक-दोन हातांत नीट बसतात. मावळ्याचे पागोटे लाल करायला घेतले, की मात्र पंचाईत होते. एका हातानंतर खालची माती डोकावते. कुठे फिकट, कुठे गडद, मध्येच कुंचल्याच्या रेघा. चिडून रंग दाट लावला, तर तो घड्यांत साचतो आणि पागोट्याचे पेच बुजून जातात. असे का व्हावे? दोष हाताचा, कुंचल्याचा की रंगाचा? याचे उत्तर आपल्याला पदार्थविज्ञानात शोधावे लागेल.

रंग झाकतो म्हणजे काय करतो?

प्रथम स्वयंपाकघरात जाऊ या. साध्या कोऱ्या कागदावर गोडे तेलाचा एक थेंब टाका. डाग पडलेल्या जागेतून पलीकडचा उजेड दिसू लागेल. कागदातले तंतू मुळात पारदर्शकच असतात. त्यांच्या मधल्या पोकळ्यांत हवा असते. प्रकाश हवेतून तंतूत आणि तंतूतून पुन्हा हवेत जाताना प्रत्येक वेळी थोडा परावर्तित होतो, वाकतो, इकडेतिकडे विखुरतो. म्हणून कागद पांढरा व अपारदर्शक दिसतो. हवेचा अपवर्तनांक १ आणि तंतूंचा सुमारे १.५. तेलाचा अपवर्तनांकही जवळजवळ १.५ च आहे. पोकळीत तेल भरले, की तंतू आणि तेल यांच्यातला फरक प्रकाशाला जाणवतच नाही, आणि तो सरळ पलीकडे निघून जातो.

रंगाचेही असेच आहे. रंगात दोन मुख्य घटक असतात : रंगद्रव्याचे अतिसूक्ष्म दाणे आणि त्यांना धरून ठेवणारे बंधक. पोस्टर रंगात बंधक डिंकासारखे असते, ॲक्रिलिक रंगात ते प्लॅस्टिक असते. या बंधकांचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास असतो. दाण्यांचा अपवर्तनांक याहून जितका वेगळा, तितका प्रकाश अधिक विखुरतो आणि तितकी खालची जमीन अधिक झाकली जाते.

थोडे गणित करू. दोन अपवर्तनांकांची वजाबाकी करा, तिला त्यांच्या बेरजेने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. सरळ येऊन पडलेल्या प्रकाशाचा तेवढा हिस्सा त्या सीमेवरून परत फिरतो. पांढऱ्या रंगात टिटॅनियम डायऑक्साइड असतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे २.७. म्हणजे १.२ भागिले ४.२, त्याचा वर्ग सुमारे ०.०८, अर्थात शंभरातले आठ भाग. आजकालच्या लालभडक रंगांतली बहुतेक रंगद्रव्ये कार्बनची संयुगे असतात आणि त्यांचा अपवर्तनांक बंधकाच्या बराच जवळ असतो. उदाहरणादाखल तो १.७ धरा. ०.२ भागिले ३.२, त्याचा वर्ग ०.००४. म्हणजे हजारातले केवळ चार भाग! दोहोंत वीसपट अंतर पडले. दाणे प्रकाशाच्या तरंगलांबीइतकेच बारीक असल्यामुळे प्रत्यक्षातला हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो. पण अंदाज यायला एवढे पुरेसे आहे.

मग असा रंग लाल दिसतो तरी कसा? त्याचे दाणे निळा व हिरवा प्रकाश शोषून घेतात आणि तांबड्याला वाट देतात. पातळ लाल थर हा बराचसा लाल जिलेटिन कागदासारखा वागतो. प्रकाश त्यातून खाली जातो, अस्तरावर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा वर येतो. म्हणून खाली काय आहे, याला फार महत्त्व आहे. खाली काळे असेल, तर तांबडा प्रकाशही तिथेच गडप होतो आणि रंग मळकट दिसतो. खाली पांढरे असेल, तर रंग झगझगीत दिसतो. पण जिथे थर पातळ, तिथे थोडा निळा-हिरवा प्रकाशही सुटून परत येतो आणि ती जागा गुलाबी दिसते. हेच ते डाग आणि याच त्या रेघा.

अस्तराची युक्ती

लाल रंगातच पांढरा मिसळला तर? झाकण्याची शक्ती वाढते, पण लालाचा गुलाबी होतो. काळा मिसळला तर तपकिरी. मग झाकण्याचे काम वरच्या थराला न देता खालच्या थराकडे सोपवावे, हे उत्तम!

आधी सगळ्या चित्राला पांढरा हात द्यावा. गणपतीचे मूर्तिकारही रंगकामापूर्वी मूर्तीला पांढरा हात देतात. कोरडी माती सच्छिद्र असते. केशाकर्षणाने ती रंगातले पाणी झटकन शोषते, आणि कुंचला जिथे प्रथम टेकतो तिथेच रंगाचा ठिपका बसतो. पांढऱ्या हाताने ही छिद्रे बुजतात. तो वाळल्यावर, जिथे लाल हवा तिथे लाल आणि पांढरा मिसळून केलेला गुलाबी रंग लावावा. तो पांढऱ्यामुळे चांगला झाकतो आणि लालाच्या जवळचाही असतो. आता वरचा लाल थर कुठे थोडा पातळ राहिला, तरी त्यातून डोकावणार गुलाबीच. डोळ्यांना फरक फारसा जाणवत नाही. लाल गडद हवा असेल, तर गुलाबीऐवजी गेरूचे अस्तर द्या. गेरूतल्या लोहाच्या ऑक्साइडचा अपवर्तनांक सुमारे ३ आहे. झाकण्यात तो पांढऱ्यालाही हार जाणार नाही. मात्र गेरूच्या पाण्यात थोडा डिंक घाला, नाहीतर तो बोटांना लागेल.

एक दाट की चार पातळ?

फासा एकदा टाकला तर १ पडेल किंवा ६ पडेल. पण चार फासे टाकून सरासरी काढली, तर ती बहुधा ३ किंवा ४ च्या आसपास येते. रंगाच्या हातांचेही तसेच आहे. एका हातात कुठे जास्त, कुठे कमी रंग बसतोच. चार पातळ हात दिले, की एकाची उणीव दुसरा भरून काढतो. शिवाय एका हाताने खालच्या रंगाचा प्रभाव निम्म्यावर येतो असे समजा. दोन हातांनी तो चौथा हिस्सा उरेल, तिसऱ्याने आठवा आणि चौथ्याने सोळावा!

दाट थेंब साचू देण्यात आणखी एक धोका आहे. चहाचा थेंब वाळला, की कडेला गडद कडे उरते ना? १९९७ मध्ये शिकागो विद्यापीठातील रॉबर्ट डीगन, सिडनी नेगेल, टॉमस विटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कड्याचे कारण उलगडून दाखवले. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून बसलेली असते आणि तिथे बाष्पीभवन अधिक वेगाने होते. ती तूट भरायला मधला द्रव कडेकडे वाहतो आणि जाताना कणही सोबत नेतो. साचलेल्या रंगाचे नेमके हेच होते. शिवाय पृष्ठताणामुळे ओला रंग टोकदार कडांवरून मागे सरतो आणि खोलगट घड्यांत जमतो.

म्हणून रंग दुधापेक्षा किंचित दाट ठेवा. कुंचला फडक्याला टेकवून जादा रंग काढा. साचलेला थेंब कोरड्या कुंचल्याने टिपून घ्या. अर्धवट वाळलेल्या रंगावरून पुन्हा कुंचला फिरवू नका. साय फाटावी तसा थर फाटतो. पोस्टर रंगातला डिंक पाण्याने पुन्हा विरघळतो, तेव्हा त्यावरचा दुसरा हात हलका आणि एकाच ओढीत द्यावा.

करून पाहा

जाड पुठ्ठ्यावर चार उभे पट्टे रंगवा : पांढरा, काळा, गुलाबी आणि गेरूचा. ते वाळल्यावर त्यांवरून आडवे लाल पट्टे ओढा. पहिल्याला एक हात, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. पूर्ण वाळू द्या आणि उन्हात निरखा. कोणत्या अस्तरावर डाग सर्वांत कमी दिसतात? रंगांची झाकणशक्ती तपासण्यासाठी कारखान्यांतही काळे-पांढरे पट्टे असलेले पुठ्ठे वापरतात.

चांगले झाकणारे विषारी लाल

तुम्ही विचाराल, गेरूसारखा झाकणारा पण लालभडक रंग निसर्गात नाहीच का? आहे. हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे सल्फाइड. त्याचा अपवर्तनांक सुमारे ३. शेंदूर, म्हणजे शिशाचे ऑक्साइड. तो नारिंगीकडे झुकणारा, अपवर्तनांक सुमारे २.४. दोन्ही उत्तम झाकतात. पण एकात पारा आहे आणि दुसऱ्यात शिसे. शिसे पोटात गेले, तर वाढत्या मुलांच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भाग, एवढीच शिशाची मर्यादा घालून दिली.

तेव्हा किल्ल्यावरच्या छोट्या मारुतीला शेंदूर फासण्याचा मोह टाळा. लालात पिवळा मिसळून नारिंगी रंग सहज करता येतो. डबीवर मजकूर नसलेली सुटी रंगाची पूड घेऊ नका आणि कुंचल्याचे टोक ओठांनी कधीही करू नका. आजचा लाल कमी झाकतो, कारण पारा आणि शिसे त्यातून गेले आहेत. उरलेले काम अस्तर आणि तुमचा धीर मिळून करू शकतात.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. बुरुजावरचा मातीचा झेंडा भगवा करायचा आहे. त्याखाली कोणते अस्तर द्याल : पांढरे, पिवळे की गेरूचे? आधी विचार करा, मग पुठ्ठ्यावर ताडून पाहा.