हिम कसे कोसळते?

आम्हां खानापूरकरांस पावसाची ओळख पुष्कळ. हिम मात्र शिक्षकांनीही चित्रांतच पाहिलेले. तथापि ३ फेब्रुवारी २०१६ रोजी काराकोरममधील सियाचेन हिमनदीवर सुमारे १९,६०० फूट उंचीच्या ठाण्यावर बर्फाची भिंत कोसळली. गाडल्या गेलेल्या दहा जवानांत शेजारच्या धारवाड जिल्ह्यातील बेटदूरचे हनुमंतप्पा कोप्पद होते.

तेथे तुटले ते जुने, घट्ट बर्फ. हिमवादळात बहुधा निराळे घडते. वारा भुसभुशीत हिम उचलून डोंगराच्या आडोशाच्या अंगास रचीत जातो. खालच्या थराचे कण साखरेसारखे सुटे असले, तर वरचा जड थर त्यांवर नुसता टेकलेला असतो. भाताच्या पेंढ्यांची गंजी कशी सरकते, हे आपण खळ्यावर पाहतोच. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका माणसाचे पाऊलही पुरते.

थांबताच ते हिम इतके घट्ट बसते की बोटही हलत नाही. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतर फार थोडे. दूरची मदत पोहोचेपर्यंत वेळ सरतो. सोबत्याजवळचे फावडेच उपयोगी पडते.

हनुमंतप्पा सहाव्या दिवशी जिवंत सापडले, ते तंबूत राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळे असावे. त्यांना हुडकणाऱ्यांत डॉट व मिशा ही सैन्याची कुत्रीही होती. ११ फेब्रुवारीस दिल्लीत त्यांचे प्राण गेले.