बकफास्टचे संन्यासी: गवंडी, मधपाळ, काचकार

१९०६च्या ऑगस्टमध्ये ‘सिरिओ’ हे इटालियन जहाज स्पेनच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळून बुडालं. मृतांमध्ये इंग्लंडमधल्या बकफास्ट मठाचे मठाधिपती बोनिफेस नॅटर होते. त्यांच्यासोबतचे फादर आन्स्कार वोनियर वाचले आणि मठवासीयांनी त्यांनाच पुढचे मठाधिपती निवडलं. वोनियर यांनी जेमतेम तिशी गाठली होती. मठाचं नाहीसं झालेलं चर्च पुन्हा उभारायचं, आणि तेही मठवासीयांनी स्वतःच्या हातांनी, असं त्यांनी ठरवलं.

हा मठ डेव्हन परगण्यात, डार्ट नदीच्या काठी आहे. त्याची स्थापना १०१८ची. १५३९मध्ये आठव्या हेन्रीने देशातले इतर मठ मोडले तसा हाही मोडला. सुमारे तीनशे चाळीस वर्षं तिथे कुणी संन्यासी नव्हता. १८८२मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेले बेनेडिक्टाईन पंथाचे संन्यासी तिथे आले. पुढे खोदताना जुन्या मठाचा पाया सापडला. नवं चर्च त्याच पायावर चढवायचं ठरलं.

१९०७मध्ये काम सुरू झालं तेव्हा गवंडीकाम येणारा माणूस एकच होता, ब्रदर पीटर. बाकीचे त्याच्या हाताखाली शिकले. एका वेळी कामावर असायचे साधारण चार ते सहा जण. लाकडी परांच्या दोरांनी बांधलेल्या, सुरक्षेची साधनं शून्य. एक मठवासी पन्नास फुटांवरून पडला, तरी बचावला. चर्चचा अभिषेक १९३२मध्ये झाला, आणि बांधकाम पुरतं संपायला १९३८ उजाडलं. त्याच वर्षाच्या अखेरीस वोनियर वारले.

एकतीस वर्षं का लागली? माणसं थोडी होती हे खरं, पण त्या थोड्यांचाही सगळा दिवस बांधकामाला मिळत नव्हता. हे संन्यासी पाळतात ती, सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी लिहिलेली नियमावली ७३ प्रकरणांची आहे, आणि तिने रात्रीची एक आणि दिवसाच्या सात प्रार्थना ठरवून दिल्या आहेत. बायबलमधली सगळी दीडशे स्तोत्रं आठवडाभरात गाऊन व्हावीत, अशी तिची अपेक्षा. घंटा झाली की हातात जे असेल ते तिथेच टाकून प्रार्थनेला निघायचं. कालवलेला चुना असो वा अर्धवट घडवलेला दगड, सबब चालत नाही.

या नियमावलीत अध्यात्माच्या बरोबरीने घरसंसार आहे, आणि मला ती आवडते ती त्यासाठी. रोजचा पाव किती, या आठवड्यात स्वयंपाकघरात कोण, अवजारं कोणाच्या ताब्यात दिली याची यादी कोण ठेवणार, हे सगळं तिच्यात आहे. कोठाराच्या कारभाऱ्याने मठातली साधी भांडीकुंडीसुद्धा वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकी जपावीत असं ती सांगते. मठात बनलेली वस्तू बाहेरच्या भावापेक्षा थोडी स्वस्त विकावी, जेवताना कुणी बोलू नये, एकाने वाचावं आणि इतरांनी ऐकावं, दारी आलेल्या पाहुण्याला ख्रिस्त समजून आत घ्यावं, हेही तिच्यातच. काम आणि भक्ती असे दोन कप्पे तिथे नाहीत.

याच मठात १९१०मध्ये कार्ल केर्ले नावाचा अकरा वर्षांचा जर्मन मुलगा आला. तो पुढे ब्रदर ॲडम झाला. दगडकाम त्याच्या प्रकृतीला झेपेना, म्हणून त्याला मधमाश्यांकडे लावलं. त्या काळात ‘आयल ऑफ वाइट’ रोगाने ब्रिटनमधल्या मधमाश्या झपाट्याने मरत होत्या. माशीच्या श्वासनलिकेत घर करणारा माइट हा सूक्ष्म परजीवी पुढे त्याचं कारण मानला गेला. मठाच्या ४६ वसाहतींपैकी १६ उरल्या, आणि त्या होत्या इटालियन वंशाच्या. स्थानिक काळी माशी टिकली नाही.

प्रतिकारशक्ती वंशातून येते, हे तरुण ॲडमनी तिथे ओळखलं. १९१९मध्ये मधुशाळेची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि निवडीने संकर करून नवा वाण घडवण्याचं काम सुरू झालं. यात एक मोठी अडचण असते. राणीमाशी हवेत, उडता उडता अनेक नरांशी संग करते. तिथे नर निवडणं माणसाच्या हातात नसतं. म्हणून १९२५मध्ये त्यांनी डार्टमूरच्या ओसाड माळावर, इतर पोळ्यांपासून दूर, प्रजननकेंद्र उभारलं. तिथे राणीला भेटणार ते फक्त त्यांनी नेलेले नर. १९५०पासून ते युरोप, तुर्कस्तान, उत्तर आफ्रिका असे फिरले, गावोगावच्या माश्या पाहिल्या, राण्या डेव्हनला आणल्या. नव्वदीच्या उंबरठ्यावर ते किलिमांजारोवरही माशी शोधायला गेले. शांत स्वभावाची, भरपूर मध देणारी ‘बकफास्ट’ माशी ही या चिकाटीची कमाई.

बेनेडिक्टाईन संन्यासी एक शपथ घेतो: आयुष्यभर याच मठात, याच माणसांबरोबर राहीन. आजच्या माणसाला ती बेडी वाटेल. मला वाटतं, ॲडमचं काम तिच्यामुळेच शक्य झालं. एका वाणाचे गुणदोष कळायला माश्यांच्या पिढ्यान् पिढ्या पाहाव्या लागतात. बदली, बढती, निवृत्ती यांच्या हिशेबात अडकलेल्या माणसाला इतका काळ मिळत नाही. ॲडमनी सत्तर वर्षांहून अधिक काळ हे काम सांभाळलं आणि ते सोडलं १९९२मध्ये, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी.

याच मठातले फादर चार्ल्स नॉरिस यांची गोष्ट अशीच. त्यांनी चर्चसाठी काचकाम केलं. जाड रंगीत काचेच्या लाद्या फोडून, त्यांचे तुकडे जुळवून उभी केलेली ख्रिस्ताची भव्य खिडकी चर्चच्या पूर्व टोकाच्या प्रार्थनागृहात आहे. मठाच्या नावाची टॉनिक वाइन या सगळ्यापेक्षा अधिक गाजते आणि स्कॉटलंडमध्ये तिच्यावरून वादही होतात. पण बकफास्टची ओळख बाटलीवरून ठरवणं अन्यायाचं होईल.

एक्सेटरहून प्लिमथला जाणाऱ्या रस्त्यापासून हा मठ जवळ आहे आणि चर्च सर्वांना खुलं आहे. त्या बाजूला गेलात, तर संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ आधी विचारून घ्या आणि तिला जरूर बसा.